साठ दिवस, तीन सह्या

दादरला एका शाळेच्या वर्गात दर रविवारी दुपारी मी राज्यघटना शिकवतो. मुलं बहुतेक एमपीएससीची, दोघी-तिघी वकिलीच्या. महिन्यातून एकदा पुस्तक मिटायचं आणि एकच प्रसंग घेऊन त्याची चिरफाड करायची, असा आमचा रिवाज. १४ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी घेतलेलं हे प्रकरण.

निमित्त समोरच होतं. २१ जुलैला उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला आणि १२ सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन यांनी त्या पदाची शपथ घेतली. ते आपले राज्यपाल होते. दिल्लीतली खुर्ची भरली तशी वाळकेश्वरची रिकामी झाली. तिथला अतिरिक्त कार्यभार गुजरातच्या राज्यपालांकडे, आणि त्यांची शपथ सोमवारी. परळहून येणारी एक मुलगी वहीत हे सगळे बाण काढत बसली होती. तिने विचारलं, "सर, उपराष्ट्रपतीच नव्हते तेव्हा राष्ट्रपतींना काही झालं असतं तर?"

उत्तर पाठ्यपुस्तकातलं आहे. १९६९ च्या कायद्यानुसार भारताचे सरन्यायाधीश राष्ट्रपतींचं काम बघतात. म्हणजे त्या साडेसात आठवड्यांत ही पाळी आलीच असती तर ती अमरावतीच्या भूषण गवईंवर. वर्ग एकदम खूश. पण परळवालीचं समाधान होईना. "म्हणजे फिरून एकच माणूस. आमच्या चाळीत अध्यक्ष गावी गेले तर कमिटी बघते. देशाला कमिटी का नाही?"

एका देशाला आहे. त्याचंच प्रकरण घेतलं.

काय घडलं

आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांची सात वर्षांची मुदत डिसेंबर १९९७ च्या सुरुवातीला संपायची होती. दुसऱ्यांदा उभं राहायचं नाही हे त्यांनी आधीच जाहीर केलेलं. उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्क उच्चायुक्तपद मिळालं आणि तिथे लवकर रुजू व्हायला हवं म्हणून १२ सप्टेंबरलाच त्यांनी राजीनामा दिला. (ही घाई चुकली, असं पुढे त्यांनीच कबूल केलं.) तिथली घटना म्हणते की मुदतीआधी पद रिकामं झालं तर ६० दिवसांत निवडणूक घ्या. ३० ऑक्टोबरला मतदान झालं. पाच उमेदवार, त्यांतल्या चार बायका. मेरी मॅकअलीस निवडून आल्या आणि ११ नोव्हेंबरला डब्लिन कॅसलमध्ये त्यांनी पदाची प्रतिज्ञा घेतली. १२ सप्टेंबरपासून बोटं मोजा, ११ नोव्हेंबर बरोबर साठावा दिवस.

या साठ दिवसांत आयर्लंडला राष्ट्राध्यक्ष नव्हता. हंगामी नव्हता, कार्यवाहक नव्हता, प्रभारीही नव्हता. फिनिक्स पार्कमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात बदली कोणी राहायला गेलं नाही. कामं मात्र झाली, कारण घटनेच्या १४ व्या अनुच्छेदात एक तीनजणांचं आयोग आहे: सरन्यायाधीश, कनिष्ठ सभागृहाचे म्हणजे दॉलचे सभापती, आणि वरिष्ठ सभागृहाचे म्हणजे सेनेटचे सभापती. गंमत अशी की घटनेत याला स्वतःचं नावसुद्धा नाही. तिथे नुसतं 'आयोग' म्हटलंय. 'प्रेसिडेन्शियल कमिशन' हे लोकांच्या तोंडी बसलेलं नाव.

आणि खरी कळ एका छोट्या वाक्यात आहे: आयोगातले कोणतेही दोघे मिळून काम करू शकतात. सरन्यायाधीश नसतील तर हायकोर्टाचे अध्यक्ष, सभापती नसतील तर उपसभापती. म्हणजे तीन खुर्च्या, तिन्हींच्या मागे एकेक राखीव, आणि गरज दोनांचीच. इतकं करूनही घटनेला न सुचलेली अडचण उभी राहिलीच, तर राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार मंडळाने बहुमताने वाट काढायची.

१९९७ मध्ये हे तिघे होते सरन्यायाधीश लिअम हॅमिल्टन, दॉलचे सभापती शेमस पॅटिसन आणि सेनेटचे सभापती. तिसऱ्याचं नाव मी मुद्दाम लगेच सांगितलं नाही. कारण साठ दिवस पुरे व्हायच्या आत तो माणूस बदलला. १७ सप्टेंबरला नवं सेनेट भरलं; लिअम टी. कॉसग्रेव्ह गेले, ब्रायन मलूली आले. राष्ट्राध्यक्षपदाचा एकतृतीयांश हिस्सा पाचव्या दिवशी एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला, आणि त्यासाठी ना मिरवणूक, ना तोफांची सलामी. सभापती बदलले की आयोगातला सदस्य आपोआप बदलतो.

सही अडली तर

वर्गातल्या मुलांना वाटलं, दोन महिने राष्ट्राध्यक्ष नसला तर बिघडतं काय? फिती कापायच्या राहतील. हा समज आपल्याकडेही आहे, म्हणून इथे जरा थांबलो.

आयर्लंडमध्ये विधेयक राष्ट्राध्यक्षांसमोर आल्यावर पाचव्या दिवसाआधी सही करायची नाही आणि सातव्या दिवसानंतर रखडवायची नाही. पाच ते सात, एवढीच फट. (सेनेटच्या संमतीने आधी सही होऊ शकते, पण तो अपवाद.) आपल्याकडे कलम १११ मध्ये राष्ट्रपतींना दिवसांची मर्यादाच नाही, त्यामुळे हे ऐकून मुलं चमकतात. ही फट असल्यावर राष्ट्राध्यक्ष दहा दिवसांच्या परदेश दौऱ्यावर गेले तरी कायदा अडतो. म्हणून हे आयोग केवळ मृत्यू किंवा राजीनाम्यासाठी नाही, साध्या गैरहजेरीसाठीही आहे. दौरा निघाला की आयोग जागं होतं, विमान परतलं की झोपी जातं. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला सार्वमताने मान्यता मिळाली. त्यानंतरच्या विवाह कायद्यावर २९ ऑक्टोबरला सही झाली ती राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांची नव्हे, आयोगाची. हिगिन्स तेव्हा अमेरिकेत होते. ज्या कायद्याची लोक इतकी वर्षं वाट बघत होते, त्यावर सही ज्यांना कोणी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडलेलं नाही अशांची. कायद्याला त्याने फरक पडला नाही.

आणखी एक खिट्टी आहे. राष्ट्राध्यक्ष देशातच आहेत, ठणठणीत आहेत, पण ठरलेल्या मुदतीत करायचं काम त्यांनी केलंच नाही, तर मुदत उलटल्यावर ते काम आयोग उरकतं. म्हणजे सही न करून कायदा मारता येत नाही. ग्यानी झैलसिंगांनी १९८६ मध्ये टपाल विधेयक नुसतं ठेवून दिलं होतं. ती सोय आयर्लंडमध्ये नाही.

आपली रीत याच्या अगदी उलटी. मे २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम मॉस्कोत होते. बिहार विधानसभा बरखास्त करायचा प्रस्ताव मध्यरात्री तिकडे फॅक्सने गेला आणि सही होऊन परत आला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. कलम ६५ मध्ये 'अनुपस्थिती' हा शब्द आहे, पण परदेशी असलेले राष्ट्रपती अनुपस्थित मानायचे की नाही, हे आपण व्यवहारात फॅक्सवर सोडलं. आयरिश पद्धतीत तो कागद मॉस्कोला गेलाच नसता. डब्लिनमधल्याच तिघांपैकी दोघांसमोर गेला असता. निर्णय वेगळा झाला असता असा माझा दावा नाही. पण झोपेतून उठवलेल्या एका माणसावर तो पडला नसता.

एक मंत्री गेला

१९९७ चे ते साठ दिवस निवांत नव्हते, म्हणूनच हे प्रकरण शिकवायला चांगलं. पंतप्रधान बर्टी अहर्न यांचं सरकार जूनमध्ये आलेलं, आघाडीचं आणि अल्पमतातलं. ७ ऑक्टोबरला परराष्ट्रमंत्री रे बर्क यांनी पैशांच्या आरोपांवरून मंत्रिपद आणि खासदारकी दोन्ही सोडली. त्यांच्या जागी डेव्हिड अँड्र्यूज आले. तिथे मंत्र्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, पंतप्रधानांनी सुचवल्यावर आणि दॉलने मान्य केल्यावर. राष्ट्राध्यक्ष नाहीत. मग नेमणूक आयोगाची. इथवर सगळं यांत्रिक. पंतप्रधानांनी सांगायचं, आयोगाने शिक्का मारायचा.

अवघड जागा पुढे आहे. बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाने संसद विसर्जित करा म्हटलं तर आयरिश राष्ट्राध्यक्ष नकार देऊ शकतात, तोही पूर्णपणे आपल्या मर्जीने. आजवर कुणी तो नकार दिलेला नाही. पण त्याच्या आसपास रणं माजली आहेत. जानेवारी १९८२ मध्ये सरकार अर्थसंकल्पावर पडलं. लहान मुलांच्या बुटांवर कर लावायचा की नाही, यावरून! त्या रात्री विरोधी पक्षातून राष्ट्राध्यक्ष हिलरींच्या वाड्यावर फोन गेले: विसर्जन करू नका, आम्हाला संधी द्या. हिलरी बधले नाहीत. आठ वर्षांनी, १९९० च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत, त्या फोनांचं प्रकरण उकरलं गेलं. त्यात अडकलेले उमेदवार ब्रायन लेनिहन यांची उपपंतप्रधानकी गेली, निवडणूकही गेली. जिंकल्या त्या मेरी रॉबिन्सन.

म्हणजे ज्यांच्या जाण्याने आयोग कामाला लागलं, त्या बाईंच्या येण्यामागे एका माणसाच्या घरी गेलेले फोन होते. आता तोच प्रसंग ऑक्टोबर १९९७ मध्ये कल्पून बघा. फोन लावायचा कोणाला? हॅमिल्टनना? पॅटिसनना? मलूलींना? एकाला पटवून भागत नाही, दोघं हवेत. आणि तिघांतला एक देशाचा सरन्यायाधीश. माझ्या मते या रचनेची मोठी करामत तीच. तिघांनी मिळून शहाणपणाने विचार करावा म्हणून ते तीन नाहीत. त्यांच्यातल्या कोणालाही 'मी राष्ट्राध्यक्ष' असं वाटू नये, आणि बाहेरच्यालाही तसं वाटू नये, म्हणून तीन आहेत.

आपल्याकडे काय झालं ते या उजेडात बघा. ३ मे १९६९ ला झाकीर हुसेन गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. त्यांना राष्ट्रपतीच व्हायचं होतं. दोन्ही पदं एकाच वेळी रिकामी पडली तर काय, ही चिंता उभी राहिली आणि मे महिन्यातच १९६९ चा तो कायदा झाला. १९ जुलैला गिरींनी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकुमावर सही केली. त्यातल्या कितीतरी बँकांची मुख्य कार्यालयं आपल्या मुंबईत. दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन ते अपक्ष उमेदवार म्हणून मैदानात उतरले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला पस्तीस दिवस कार्यवाहक राष्ट्रपती झाले. २४ ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली.

त्या वटहुकुमाच्या जागी आलेला कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, पण तो भाग वेगळा. इथे मुद्दा हंगामी खुर्चीचा. ती एका माणसाला दिली की तो तिथून कायम खुर्चीकडे बघणारच. हा गिरींचा दोष नाही.

आयर्लंडमध्ये असा माणूस आयोगात नव्हता असं मात्र नाही. टॉम ओ'हिगिन्स १९६६ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डी व्हलेरा यांच्यासमोर राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि अकरा हजारांहून कमी मतांनी हरले. १९७३ मध्ये पुन्हा उभे राहिले, अर्स्किन चिल्डर्सकडून हरले. ऑक्टोबर १९७४ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. महिन्याभरात चिल्डर्स वारले. ज्याने हरवलं त्याचीच कामं आता ओ'हिगिन्सनी करायची, तीनातला एक म्हणून! दोनदा हुकलेल्या माणसाच्या हातात ते पद आलं, पण एकतृतीयांश. दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष ओ डॉली यांनी राजीनामा दिला तेव्हाही सरन्यायाधीश तेच होते. दोन्ही वेळा पक्षांनी एकमताचा उमेदवार शोधला, मतदानच झालं नाही.

याची किंमतही आहे. १९६९ च्या उन्हाळ्यात निक्सन दिल्लीला आले तेव्हा त्यांच्यासमोर उभे राहायला हिदायतुल्ला होते. तीनजणांचं आयोग पाहुण्याचं स्वागत कसं करणार? देशावर आपत्ती आली तर टीव्हीवर कोण बोलणार? ब्रिटनमध्येही राजाच्या गैरहजेरीत दोन 'कौन्सेलर ऑफ स्टेट' काम बघतात, पण ते राजघराण्यातले; मे २०२२ मध्ये राणीऐवजी चार्ल्स यांनी संसदेचं उद्घाटन केलं, सोबत विल्यम होते. लोकांना ओळखीचा चेहरा दिसला. आयरिश आयोगाला चेहरा नाही.

आमचं आयोग

मग वर्गातच आयोग बसवलं. परळवाली सेनेटची सभापती. घाटकोपरचा एक मुलगा दॉलचा सभापती. सरन्यायाधीश बदलापूरचा, पण तो अजून पोचलाच नव्हता, रविवारची लोकल. तरी चालतं, दोघांचं भागतं, म्हणून सुरुवात केली. फळ्यावर तारखा लिहिल्या, विधेयक आलं, सहावा दिवस, दोघांनी वहीच्या पानावर सह्या ठोकल्या. दोन मिनिटांत कायदा.

दुसरा कागद मी मुद्दाम ठेवला होता. अल्पमतातल्या पंतप्रधानाचं सरकार पडलंय, तो संसद विसर्जित करा म्हणतोय.

"करून टाकू," घाटकोपर म्हणाला.

"नाही," परळ.

आता त्यांना मी एक गोष्ट सांगितली, जी वाचताना माझ्याही नजरेतून बरीच वर्षं सुटली होती. आयर्लंडमध्ये दॉलचे सभापती पुढच्या निवडणुकीत न लढता निवडून आल्याचं मानलं जातं. विसर्जन झालं तरी त्यांची जागा पक्की. उलट दॉल विसर्जित झालं की नव्वद दिवसांत सेनेटचीही निवडणूक. सेनेटच्या सभापतीला पुन्हा मतं मागत फिरावं लागणार. परळवालीने घाटकोपरकडे बघितलं. "तुझं काय जातंय करून टाकायला!" वर्ग हसला. पण तिने अनुच्छेद नेमका पकडला होता. दोघंही आपल्या हिताच्या बाजूने बोलले होते, तेही ठाऊक नसताना.

एकास एक. अडलं. कोणीतरी सुचवलं, हायकोर्टाच्या अध्यक्षांना बोलवा, सरन्यायाधीश 'असमर्थ' आहेत. त्यावर वकिलीच्या दोघी भांडायला उठल्या. एकीचं म्हणणं, लोकल उशिरा ही असमर्थता नव्हे, नुसती गैरसोय. दुसरी म्हणाली, कल्याणपुढे अडकलेला माणूस दादरला सही करू शकत नाही, मग असमर्थता अजून वेगळी काय असते? दहा मिनिटं हेच चाललं. मी मध्ये पडलो नाही.

तेवढ्यात बदलापूर आला, घामाघूम, डबा काखेत. त्याला बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. तुझ्या मतावर ठरणार.

त्याने आधी पाणी प्यायलं. मग विचारलं, "मी सरन्यायाधीश ना? आणि आत्ता जे दोघांनी पास केलं, ते कुणी कोर्टात आव्हान दिलं तर ते माझ्यासमोरच येणार?"

येणार. शिवाय एखादं विधेयक घटनेत बसतं का हे तपासायला सुप्रीम कोर्टाकडे धाडायचं की नाही, हेही राष्ट्राध्यक्षाचं काम, म्हणजे आयोगाचं. आयोगातला सरन्यायाधीश स्वतःच्याच कोर्टाकडे विधेयक पाठवणार. त्याआधी सल्लागार मंडळाचं म्हणणं ऐकायचं असतं, आणि त्या मंडळात पदसिद्ध म्हणून हे तिघेही बसतात. आपणच आपल्याला विचारायचं. ओ डॉलींनी १९७६ मध्ये आणीबाणी अधिकार विधेयक असंच कोर्टाकडे धाडलं, त्यावरून संरक्षणमंत्र्याने त्यांना जाहीरपणे शिवीसारखा शब्द वापरला आणि ते पद सोडून गेले. त्या जागी तेव्हा आयोग असतं तर शिवी तिघांत वाटली गेली असती, पण एक वाटा सरन्यायाधीशाला गेला असता.

बदलापूर बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिला. "पहिल्यावर मी सही करत नाही," तो म्हणाला, "दोघांनी केलीये, कायदा झालाय, मी कोर्टासाठी मोकळा राहतो."

"आणि दुसरा?" परळ.

"त्याला तर दुसरं कोणी नाही." त्याने पेनचं टोपण काढलं. "विसर्जन नाही," असं लिहून सही केली आणि कागद घाटकोपरकडे सरकवला. घाटकोपरने सही करायला नकार दिला. परळने केली. पुन्हा दोन झाल्या.